पिंजण

चौथीत हा शब्द पहिल्यांदा अंगावर आला.
घोरपडे बाई, हातात पट्टी,
'जैतून, केस बघ. पिंजारलेत नुसते.'
मागच्या बाकावरून कुणीतरी वाक्य पुरं केलं,
'पिंजाऱ्याचीच आहे, बाई.'
वर्ग हसला. बाईही, थोड्या.
मी हसले सगळ्यांत शेवटी
आणि सगळ्यांत जास्त वेळ.

तेव्हा वाटायचं, शब्द आमच्यावरूनच पडला असणार.
सांगलीत कुणाचेही केस विस्कटले
की नदाफांच्या घरात उचकी लागत असणार.

अब्बा सायकलला पिंजण बांधून निघायचे,
खणभाग, गावभाग, पार विश्रामबागेपर्यंत.
तात एकदा छेडायची: टंय्यं.
तेवढीच हाळी.
कुणाच्या तरी अंगणात गादी उसवायची.
आत पंधरा वर्षांची झोप,
ढेकळागत आवळलेली,
तिच्यात ताप, मुतरी बाळं, अबोले,
एकदा काळा मणी,
तो अब्बांनी धुऊन परत दिला.
मग ठोकळा तातीवर, तात कापसावर,
आणि ढेकळं हळूहळू
वारा आठवायला लागायची.
अब्बा घरी यायचे ते
पांढऱ्या भुवया घेऊन.

अम्मा हळदीच्या पेठेत, हळकुंडं निवडायला.
नखं पिवळी, पदर पिवळा,
शिंकली तरी पिवळी.
माझी वेणी घालायची
शिंगाच्या रुंद दातांच्या फणीनं,
तेल कमी लागायचं, हळदच जास्त.
'कुठनं धरावं ह्या केसांला,
तेच कळंना झालंय.'

नोकरी लागली.
पहिल्या पगारातले साडेतीन हजार
शंभर फुटी रोडवरच्या पार्लरला दिले.
तापलेला चिमटा, जळका वास, तीन तास.
केस खांद्यावर पाण्यासारखे पडले.
ऑफिसात दोघींनी नाव विचारलं पार्लरचं.
रात्री जेवताना अब्बांनी एकदा बघितलं.
'दबला गं कापूस,' म्हणाले,
आणि भाकरी मोडली.
रागानं नाही.
गिऱ्हाइकाला सांगतात तसं.

त्यांचं काम तेव्हा संपत आलं होतं.
आधी मशीन आलं, मग फोम.
फोमला काय पिंजायचं?
दबला की फेकायचा.

पुराच्या दुसऱ्या वर्षी वाचनालयात
एक जुना कोश हाती आला.
पाण्यातून काढलेला, गच्चीवर वाळवलेला,
पानं फुगून दुप्पट,
मिटता मिटत नव्हता.
बघूनच हसू आलं:
ह्याचे पण पिंजारलेत.
चिकटलेली पानं नखानं सोडवत
बोट खाली खाली नेलं.
पिंजारणे हे पिंजणे मधून.
पिंजारीसुद्धा पिंजणे मधूनच.
म्हणजे शब्द आमच्यावरून नव्हता पडला,
आम्हीच पडलो होतो शब्दावरून.
आणि अजून मागे, संस्कृतात,
एक छोटासा पिंजा.
अर्थ दिले होते:
कापूस.
हळद.
इजा.

मी तिथंच बाकावर बसून राहिले.
ग्रंथपाल माईणकर म्हणाले, 'सापडलं का पाहिजे ते?'
म्हटलं, 'आमचं घर सापडलं.'
त्यांना वाटलं, नकाशा बघतेय.
तिसरा अर्थ कुणी आणला घरात
ते मी कुणालाच सांगितलं नाही.

रात्री दोघांना सांगितलं.
अम्मा म्हणाली, 'कापूस आन् हळद एकच?
कसं हुईल?
हळदीला वजन आस्तंय.'
अब्बा बराच वेळ गप्प. मग,
'कापसालाबी आस्तंय.
भिजू दे की.'

आज सकाळी आरशात बघितलं.
मुळाशी दोन बोटं नवे केस आलेत,
खालच्या सरळ केसांना न जुमानता
बाहेर, वर, आडवे, जिकडं जागा मिळेल तिकडं.
कंगवा घातला.
दोन दात मोडले.
अम्माची फणी कुठं असते हल्ली
विचारायला पाहिजे.